कादंबरीचे वाचन आणि चित्रपटाचा आस्वाद : श्रेष्ठत्वाच्या प्रश्नाची फेरमांडणी
(निवडक मराठी माध्यमांतरांच्या संदर्भात)

सारांश

पुस्तक वाचणे श्रेष्ठ की चित्रपट पाहणे श्रेष्ठ, हा प्रश्न महाविद्यालयीन वर्तुळात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा पुस्तकाच्या बाजूने गृहीतच धरलेले असते. प्रस्तुत लेखात 'श्यामची आई', 'बनगरवाडी', 'सिंहासन', 'नटरंग' आणि 'शाळा' या पाच साहित्यकृती व त्यांवर आधारित चित्रपट यांच्या आधारे या गृहीताची तपासणी केली आहे. दोन्ही माध्यमांची सामर्थ्ये व मर्यादा भिन्न असल्याने माध्यम म्हणून एकाला सरसकट श्रेष्ठ ठरविता येत नाही. मात्र साहित्याच्या अध्यापनात चित्रपट हा कादंबरीचा पर्याय होऊ शकत नाही, असा लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : माध्यमांतर, कादंबरी, चित्रपट, निवेदक, विशेषसाकल्य, आस्वाद, साहित्याचे अध्यापन.

प्रस्तावना

मराठी चित्रपटाचे साहित्याशी असलेले नाते जुने आहे. १९३७ साली प्रभात फिल्म कंपनीने 'कुंकू' हा चित्रपट काढला. तो ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला होता. त्यानंतर आजतागायत अनेक कादंबऱ्या व कथा पडद्यावर आल्या. ज्या वाचकांनी मूळ कृती वाचल्या होत्या, त्यांनी चित्रपटाशी त्यांची तुलना केली. ज्यांनी वाचल्या नव्हत्या, त्यांच्यापैकी काहींनी चित्रपट पाहून पुस्तक हाती घेतले, तर पुष्कळांनी चित्रपटालाच पुस्तक मानले.

या शेवटच्या वर्गात आज साहित्याचे विद्यार्थीही आहेत, ही बाब चिंतनीय आहे. अभ्यासक्रमात नेमलेल्या कादंबरीवर चित्रपट निघालेला असेल तर तो पाहून परीक्षेस बसणारा विद्यार्थी आता अपवाद राहिलेला नाही. अशा विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत पात्राऐवजी नटाचे वर्णन येते. गुणाच्या जागी अतुल कुलकर्णी अवतरतात आणि दिगूच्या जागी निळू फुले. परीक्षकाला हे लक्षात येते, तो गुण कापतो आणि विषय तेथेच संपतो. या विद्यार्थ्याचे नेमके काय हुकले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. 'त्याने पुस्तक वाचले नाही' हे त्याचे उत्तर नव्हे. पुस्तक न वाचल्याने जे मिळाले नाही ते चित्रपटातून मिळण्याजोगे होते की नाही, हे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर वाचनाचा आग्रह हा केवळ सवयीचा आग्रह ठरतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन यातूनच निर्माण झाले आहे.

अभ्यासाची व्याप्ती व निवडीचा निकष

पुस्तक आणि चित्रपट यांच्या तुलनेत एक ढोबळ चूक नेहमी होते. उत्तम कादंबरीची तुलना सामान्य चित्रपटाशी केली जाते आणि निष्कर्ष आधीच ठरून जातो. सुमार रहस्यकथा आणि श्रेष्ठ चित्रपट समोरासमोर ठेवले तर निकाल उलटा लागेल, हे उघड आहे. म्हणून येथे मान्यताप्राप्त साहित्यकृतींबरोबर मान्यताप्राप्त चित्रपटच घेतले आहेत. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटास १९५४ साली पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९), अमोल पालेकर यांचा 'बनगरवाडी' (१९९५), रवी जाधव यांचा 'नटरंग' (२०१०) आणि सुजय डहाके यांचा 'शाळा' (२०१२) हे चारही चित्रपट आपापल्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचे मानकरी आहेत. चित्रपट फसला म्हणून पुस्तक श्रेष्ठ, असा युक्तिवाद या निवडीमुळे करता येत नाही.

चित्रपट मूळ कृतीशी किती 'प्रामाणिक' राहिला, हा निकषही येथे वापरलेला नाही. जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ साली 'नॉव्हेल्स इन्टू फिल्म' या ग्रंथात कादंबरी व चित्रपट हे मूलतः भिन्न कलाप्रकार असल्याचे दाखवून दिले. कथानकाचा सांगाडा तेवढा दोहोंत समान असू शकतो. तेव्हा प्रसंग गाळले किंवा घातले याची यादी करण्यापेक्षा, माध्यम बदलल्याने अनुभवाचे स्वरूप कसे बदलते ते पाहणे अधिक फलदायी ठरते.

संस्कृत काव्यशास्त्रातील भूमिका

हा वाद आधुनिक काळातला आहे असा समज आहे. वस्तुतः दृश्यकाव्य आणि श्राव्यकाव्य यांच्या श्रेष्ठत्वाची चर्चा संस्कृत काव्यशास्त्रात फार पूर्वी झालेली आहे. आठव्या शतकातील वामनाने 'काव्यालंकारसूत्रवृत्ती'त सर्व रचनाप्रकारांमध्ये दशरूपक, म्हणजे नाट्य, श्रेष्ठ मानले. त्यासाठी त्याने दिलेले कारण आणि योजलेली उपमा दोन्ही लक्षणीय आहेत. नाट्य हे चित्रपटासारखे असते, कारण त्यात 'विशेषसाकल्य' असते, असे तो म्हणतो. वामनाचा 'चित्रपट' म्हणजे अर्थातच चित्र काढलेले वस्त्र. परंतु विशेषसाकल्य ही संज्ञा आजच्या चित्रपटालाही तंतोतंत लागू पडते. विशेषसाकल्य म्हणजे सर्व तपशिलांची परिपूर्णता. लेखक 'म्हातारा' एवढेच लिहून पुढे जाऊ शकतो. पडद्यावरच्या म्हाताऱ्याला मात्र उंची, रंग, आवाज, पागोट्याची ढब आणि चालण्याची रीत हे सारे असावेच लागते.

अभिनवगुप्ताने या चर्चेत महत्त्वाची भर घातली. ज्यांचे अंतःकरण निर्मळ आरशासारखे आहे अशा सहृदयांना केवळ वाचनातूनही नाट्याइतकाच साक्षात अनुभव येतो. इतरांना तो यावा म्हणून नटाची प्रक्रिया आवश्यक ठरते, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे विशेषसाकल्य वामनाला रचनेत हवे आहे, तर अभिनवगुप्ताच्या मते सहृदय ते स्वतःच्या मनात घडवू शकतो. पुस्तक आणि चित्रपट यांच्यातील भेदाचा गाभा येथेच आहे. तपशिलांची पूर्तता कोण करतो, हा खरा प्रश्न आहे. पुस्तकात ती वाचक करतो, चित्रपटात ती दिग्दर्शक, नट आणि छायालेखक करून देतात.

आधुनिक पाश्चात्त्य समीक्षेत वोल्फगांग इझर याने हाच मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला. फिल्डिंगच्या 'टॉम जोन्स' या कादंबरीवरील चित्रपटाचे उदाहरण घेऊन तो म्हणतो की, वाचताना नायकाची जी अनेक रूपे संभवत होती ती पडद्यावर एकाच पूर्ण चित्रात बंदिस्त होतात आणि कल्पनाशक्तीला काम उरत नाही. इझरचे निरीक्षण मार्मिक असले तरी ते पूर्णतः स्वीकारता येत नाही. दोन दृश्यांच्या मधला वगळलेला काळ, चौकटीबाहेरून येणारा आवाज, नटाच्या चेहऱ्यावरचे मौन या चित्रपटातल्या रिक्त जागाच आहेत आणि त्या प्रेक्षकालाच भराव्या लागतात. दोन्ही माध्यमे रिक्त जागा ठेवतात, पण त्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवतात, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. पुढील विवेचनात हेच सूत्र कायम ठेवले आहे.

'श्यामची आई' : आठवणीचा काळ आणि पडद्याचा काळ

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिली. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्याची रचना ४२ रात्रींची आहे. आश्रमातील मित्रांना प्रौढ श्याम रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो. ही रचना केवळ सोयीची नाही. पहिल्या रात्रीपासूनच आई या जगात नाही, हे श्रोत्यांना ठाऊक आहे. त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द, प्रत्येक शिक्षा आणि प्रत्येक माया ही गमावलेल्या गोष्टीच्या रूपात वाचकापर्यंत येते. सांगणारा प्रौढ श्याम आणि घडणारा लहान श्याम यांच्यामधले अंतर सतत जाणवत राहते. लहान श्यामला आईचा राग येतो त्याच वाक्यात प्रौढ श्यामला त्या रागाची लाज वाटते. पुस्तकातील कारुण्याचा मोठा वाटा या अंतरातून येतो.

चित्रपटाला असा भूतकाळ वापरता येत नाही. पडद्यावर जे दिसते ते आत्ता, समोर घडत असते. स्मृतिदृश्य म्हणून दाखविलेला प्रसंगही सुरू झाल्यावर काही क्षणांतच वर्तमान होतो. वनमालाबाई आई म्हणून चालतात, बोलतात, रागावतात, आणि माधव वझे यांचा श्याम त्यांच्यासमोर उभा राहतो. प्रेक्षक त्या घरात जाऊन बसतो. आई हरपल्याची जाणीव त्याला शेवटी येते. पुस्तकाच्या वाचकाला ती आरंभापासून सोबत करीत असते.

येथे चित्रपट उणा पडला असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. हा चित्रपट ज्या काळात आला त्या काळात महाराष्ट्रातील बहुसंख्य स्त्रियांना वाचता येत नव्हते. ज्या मातांना उद्देशून हे पुस्तक लिहिले गेले, असे म्हणता येईल, त्यांच्यातील बहुतेकींना ते वाचणे शक्यच नव्हते. जत्रेतल्या तंबूत आणि तालुक्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये बसणाऱ्या निरक्षर प्रेक्षकवर्गाला चित्रपटाची भाषा कळत होती. वाचन श्रेष्ठ आहे असे म्हणताना वाचनाचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे विसरून चालत नाही. अभिनवगुप्ताने सहृदयाची जी कल्पना मांडली तिच्यात साक्षरतेचा प्रश्न येत नाही. आपल्याला मात्र तो टाळता येत नाही.

'बनगरवाडी' : 'मी' पाहणारा आणि 'मी' दिसणारा

व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ साली प्रकाशित झाली. माणदेशातील धनगरांच्या लहानशा वस्तीत शिक्षक म्हणून आलेला तरुण मास्तर तिचा निवेदक आहे. कारभारी, अंजी, आयबू, आनंदा रामोशी, दादू बालट्या ही माणसे आपल्याला त्याच्या नजरेतून भेटतात. शाळेत मुले जमतात, तालमीची इमारत उभी राहते, अंजीच्या निमित्ताने कारभाऱ्याच्या मनात मास्तरांविषयी किंतु येतो. अखेर दुष्काळ येतो आणि मेंढरे घेऊन माणसे निघून जातात. वाडी ओस पडते.

या माध्यमांतराचे वैशिष्ट्य म्हणजे चित्रपटाची पटकथा स्वतः माडगूळकरांनी लिहिली. लेखक आणि पटकथाकार यांच्यातील मतभेदाचा प्रश्नच येथे उरत नाही. तरीही अनुभव बदलतो. त्यामुळे हा बदल व्यक्तीमुळे नसून माध्यमामुळे आहे, हे येथे निर्विवादपणे दिसून येते.

कादंबरीत मास्तर इतरांना पाहतो, पण तो स्वतः वाचकाला बाहेरून कधी दिसत नाही. त्याचे वय, त्याचे बुजरेपण, शहाणपणाचा आव न आणता माणसे समजून घेण्याची त्याची रीत या गोष्टी तो काय पाहतो आणि काय सांगतो त्यावरून कळतात. चित्रपटात मास्तर हे दिसणाऱ्या माणसांपैकी एक माणूस होतात. कॅमेरा त्यांच्याही बाहेर उभा असतो. कारभाऱ्याच्या संशयाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. वाचक मास्तरांच्या मनात बसलेला असल्यामुळे त्याला हा संशय आपल्यावरच घेतला गेल्यासारखा बोचतो. प्रेक्षक मात्र दोन माणसांमधला ताण पाहतो. त्याला कारभाऱ्याच्या बाजूनेही उभे राहता येते. एका ठिकाणी तादात्म्य अधिक आहे, दुसऱ्या ठिकाणी समतोल अधिक आहे. यांतील कोणते श्रेष्ठ, हे प्रयोजनावर अवलंबून राहील.

दुसरा मुद्दा भाषेचा आहे. माडगूळकर स्वतः चित्रे काढीत. त्यांचे गद्यही रेखाटनासारखे आहे. थोड्या शब्दांत माणूस उभा करायचा आणि पुढे जायचे, ही त्यांची पद्धत. लहान वाक्ये, विशेषणांचा संयम आणि माणदेशी बोलीतला नेमका शब्द यांतून ही कादंबरी घडली आहे. चित्रपटात घोंगडे दिसते, मेंढरांचा कळप दिसतो, उघडाबोडका माळ दिसतो. दुष्काळातली ओसाडी तर एका लांबवरच्या दृश्यात जितकी अंगावर येते तितकी शब्दांत आणणे अवघड आहे. पण ते गद्य दिसत नाही. संवाद शिल्लक राहतात, निवेदन जाते. 'बनगरवाडी' ही ज्या अर्थाने मराठी गद्याच्या इतिहासातील घटना आहे, तो अर्थ पडद्यावर येऊच शकत नाही. मराठीच्या विद्यार्थ्याचे नेमके काय हुकले, या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर येथे मिळते.

'सिंहासन' : चित्रपटाचे वरचढ स्थान

एकच उदाहरण पुढे ठेवून पुस्तकाचा जयघोष करणे योग्य नव्हे. 'सिंहासन'च्या बाबतीत वेगळे चित्र दिसते. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांचा आधार घेऊन विजय तेंडुलकरांनी या चित्रपटाची पटकथा लिहिली. साधू पत्रकार होते. सत्ता कशी मिळते, कशी टिकते, मंत्रिमंडळ, कामगार संघटना, गुन्हेगारी जग आणि वृत्तपत्रे यांचे धागे कसे गुंतलेले असतात, याची विपुल जाण या कादंबऱ्यांत आहे. कादंबरी थांबून स्पष्टीकरण देऊ शकते आणि साधू ते देतात. राजकारणाचा अभ्यास म्हणून त्यांचे मोल कायम आहे.

तेंडुलकरांनी दोन कादंबऱ्यांतून एक नाट्य बांधले. मुख्यमंत्री, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आणि हे सारे पाहणारा पत्रकार दिगू या तिघांभोवती तो विस्तीर्ण पट आवळला गेला. मात्र चित्रपटाचे सामर्थ्य केवळ या बांधणीत नाही. राजकारणी माणूस बोलतो एक आणि त्याच्या मनात असते दुसरेच, हा या विषयाचा गाभा आहे. कादंबरीकाराला ही विसंगती सांगावी लागते. अरुण सरनाईक आणि डॉ. श्रीराम लागू यांचे चेहरे ती न सांगता दाखवितात. शब्द सौजन्याचे असतात आणि डोळे हिशेब करीत असतात, हे एकाच क्षणी दाखविणे नटाला शक्य आहे. लेखकाला ते एकामागून एकच मांडता येते. ध्वनी म्हणजे सूचित अर्थ हाच काव्याचा आत्मा, असे आनंदवर्धन म्हणतो. या कसोटीवर 'सिंहासन'मधील अनेक प्रसंगांत चित्रपट कादंबरीपेक्षा अधिक सूचक आहे. कादंबरी सांगते तेथे चित्रपट सुचवितो. शब्द म्हणजे सूचकता आणि दृश्य म्हणजे उघडेपणा, हे समीकरण येथे उलटे पडते.

'नटरंग' आणि 'शाळा' : देह आणि स्वर

आनंद यादव यांच्या 'नटरंग'चा नायक गुणा हा पैलवानी देहाचा मजूर आहे. तमाशाच्या ओढीने तो फड उभारतो आणि परिस्थितीमुळे त्याला स्वतःच नाच्याची भूमिका स्वीकारावी लागते. पुरुषत्वाच्या कल्पना देहावर कशा लादल्या जातात, हा या कृतीचा विषय आहे. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी शरीर कमावले आणि नंतर ते उतरविले. कमावलेला देह आणि नाच्याचा देह प्रेक्षक प्रत्यक्ष पाहतो. ढोलकीची थापही त्याला ऐकू येते. वाचकाला ती स्मरणातून आणावी लागते, आणि ज्याने तमाशा कधी पाहिलेला नाही त्याच्या स्मरणात ती नसतेच. या बाबतीत चित्रपट अधिक समर्थ आहे. कागल परिसरातील बोलीत विचार करणारे गुणाचे मन मात्र कादंबरीतच भेटते. देह चित्रपटाकडे आणि मनाची बोली कादंबरीकडे, अशी येथे वाटणी झालेली दिसते.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) हे याहून बोलके उदाहरण आहे. या एका कादंबरीवर 'गमभन' हे नाटक, 'हमने जीना सीख लिया' (२००८) हा हिंदी चित्रपट आणि 'शाळा' हा मराठी चित्रपट निघाला. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी ही गोष्ट स्वतः सांगतो. मुलांची खास भाषा, शिक्षकांविषयीचे शेरे, शिरोडकरविषयीचे न बोललेले बोल या सगळ्यांना जोडणारा त्याचा स्वर हाच या कादंबरीचा प्राण आहे. घटना तशा थोड्या आहेत. इतर कोणी त्या सांगितल्या असत्या तर कदाचित त्यांना महत्त्वही आले नसते. चित्रपटाने घटना घेतल्या, काळ उभा केला, मुलांकडून अत्यंत सहज अभिनय करवून घेतला. परंतु मनातल्या मनात अखंड चालणारी बडबड पडद्यावर तेवढ्या प्रमाणात येऊ शकत नाही. तसे केले तर चित्रपट बोलका होऊन पांगळा होईल.

शिरोडकरच्या चेहऱ्याचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. चित्रपटापूर्वीच्या प्रत्येक वाचकाची शिरोडकर वेगळी होती. बहुधा ती त्याच्याच शाळेतली कोणीतरी होती. चित्रपटानंतर तिला केतकी माटेगावकर यांचा चेहरा मिळाला. आज प्रथमच कादंबरी वाचणाऱ्या, पण चित्रपट आधी पाहिलेल्या विद्यार्थ्याला तो चेहरा बाजूला सारता येत नाही. इझरचा आक्षेप येथे पूर्णपणे खरा ठरतो. त्यातून एक व्यावहारिक सूत्रही हाती येते. वाचून मग पाहणाऱ्याला दोन अनुभव मिळतात. पाहून मग वाचणाऱ्याच्या दुसऱ्या अनुभवावर पहिल्याची छाया पडलेली असते. म्हणून क्रमाला महत्त्व आहे.

अध्यापनाच्या संदर्भात

वाचनाच्या बाजूने नेहमी केला जाणारा एक युक्तिवाद आता सोडून द्यायला हवा. वाचक थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, प्रेक्षक मात्र पडद्याच्या गतीला बांधलेला असतो, असे म्हटले जाई. चित्रपटगृहापुरते ते आजही खरे आहे. परंतु आजचा विद्यार्थी चित्रपट भ्रमणध्वनीवर पाहतो. तो थांबवितो, मागे नेतो, प्रसंगी दीडपट वेगाने पळवितो. गतीवरचे नियंत्रण आता दोहोंकडे आहे. फरक उरतो तो श्रमाच्या स्वरूपात. चित्रपट पळविला तरी तो चालू राहतो. पुस्तक वाचकाने थांबताच थांबते. वाचकाच्या सहभागावाचून पुस्तक एक वाक्यही पुढे सरकत नाही. वाचनाचे शैक्षणिक मूल्य सांगायचे तर ते येथून सांगावे लागेल.

यासोबत एक अप्रिय वस्तुस्थितीही मान्य करावी लागते. नेमलेल्या कादंबरीचा वर्गातील खरा प्रतिस्पर्धी चित्रपट नसून बाजारात मिळणारे मार्गदर्शक पुस्तक आहे. कथानकाचा गोषवारा, चार पात्रांची स्वभावचित्रे आणि दहा अपेक्षित प्रश्न एवढ्यावर परीक्षा पार पडते. चित्रपट पाहणाऱ्या विद्यार्थ्याने निदान एक कलाकृती अनुभवलेली असते. त्याने कारभाऱ्याचा राग पाहिलेला असतो, ओस पडलेली वाडी पाहिलेली असते. मार्गदर्शक पुस्तक पाठ करणाऱ्याने यांपैकी काहीच अनुभवलेले नसते, तरी त्याला अनेकदा अधिक गुण मिळतात. चित्रपट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देणारी व्यवस्था गोषवारा पाठ करणाऱ्याला बक्षीस देते, ही विसंगती अध्यापकांनी आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी गांभीर्याने विचारात घेतली पाहिजे. कथानक आणि पात्रे यांपुरतेच प्रश्न विचारले जात असतील तर त्यांची उत्तरे चित्रपटातूनही देता येतात, आणि मग कादंबरी वाचण्याचे कारणच उरत नाही. निवेदक, भाषा, काळाची मांडणी यांवर प्रश्न विचारला गेला तरच वाचन अपरिहार्य होते.

अनेक विद्यार्थ्यांची पिढी ही घरातील शिकणारी पहिलीच पिढी आहे. त्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नसते, पडदा मात्र हातात असतो. अशा विद्यार्थ्याला चित्रपट पाहिल्याबद्दल कमी लेखणे म्हणजे त्याच्याजवळ असलेली एकमेव आस्वादाची पुंजी काढून घेणे होय. त्याने जे पाहिले आहे तेथून सुरुवात करून, जे पाहण्यात येऊ शकले नाही त्याकडे त्याला नेणे हे अध्यापकाचे काम आहे. मास्तर चित्रपटात दिसतात पण कादंबरीत का दिसत नाहीत, एवढा एक प्रश्न वर्गात नीट चर्चिला गेला तर निवेदनतंत्र शिकविण्यास वेगळी व्याख्या द्यावी लागणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वाचन श्रेष्ठ की चित्रपट श्रेष्ठ, हा प्रश्न माध्यमांच्या पातळीवर निकालात काढता येत नाही. दोन्ही माध्यमे आस्वादकासाठी रिक्त जागा ठेवतात, फक्त त्या भिन्न ठिकाणी असतात.

२. स्मृतीचा काळ, निवेदकाचा स्वर आणि गद्याची घडण ही कादंबरीची क्षेत्रे आहेत. 'श्यामची आई', 'बनगरवाडी' आणि 'शाळा' यांतील या गोष्टी पडद्यावर पूर्णतः येऊ शकत नाहीत.

३. देह, ध्वनी, भूदृश्य आणि शब्द व मुद्रा यांतील विसंगती ही चित्रपटाची क्षेत्रे आहेत. 'नटरंग' व 'सिंहासन' यांत चित्रपट या बाबतीत मूळ कृतीच्या पुढे गेला आहे.

४. वाचनाचा पुरस्कार करताना वाचनाची संधी सर्वांना समान नव्हती व आजही नाही, याचे भान आवश्यक आहे.

५. साहित्याच्या अध्यापनात अभ्यासाचा विषय भाषेतून घडलेली कृती हा असल्याने चित्रपट हा कादंबरीचा पर्याय ठरत नाही. तो तुलनेचे समर्थ साधन मात्र ठरतो. त्यासाठी आधी वाचन व नंतर चित्रपट हा क्रम इष्ट आहे. ज्याने चित्रपट आधीच पाहिला आहे, त्याच्याकडून दोहोंतील भेद शोधून घेणे हाच मार्ग उरतो.

६. प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलल्याशिवाय वाचनाचा आग्रह परिणामकारक होणार नाही.

विद्यार्थी पुस्तके वाचत नाहीत ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. परंतु त्या तक्रारीचा सगळा भार चित्रपटावर टाकणे सोयीचे असले तरी योग्य नाही. पुस्तकातून जे मिळते ते इतर कशातूनही मिळत नाही, हे विद्यार्थ्याला उदाहरणासह दाखविता आले पाहिजे. ते दाखविण्याची जबाबदारी सर्वप्रथम साहित्याच्या अध्यापकाची आहे.